पाठांतर आणि पाढे

रामरक्षा मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ होती. मनाचे श्लोक, भीमरूपी, अथर्वशीर्ष आणि आजीच्या तोंडच्या ओव्याही. दिवेलागणीला आजोबांसमोर पाटावर बसायचं, शुभंकरोती म्हणायची आणि मग पाढे. ओळीने म्हणायला सांगितले तर तेही मी चालीवर म्हणून दाखवायची. पण आजोबा मध्येच थांबवून विचारायचे, "सात आठे?" की मी गप्प. मनातल्या मनात 'सात एके सात'पासून धावत यायची, वाटेत कुठेतरी पाय घसरायचा आणि मी पुन्हा पहिल्या पायरीवर.

छप्पन्न हा शब्द मला ठाऊक होता, चौपन्नही ठाऊक होता. त्यांतला मोठा कोणता हे मात्र आपोआप कळत नसे. शब्दामागे काही आकारच उभा राहत नसे. रामरक्षेतल्या 'आपदामपहर्तारं'चा अर्थ आजीने सांगितला होता आणि तो मला दिसायचा. छप्पन्नचं तसं कधी झालं नाही.

आजोबा निवृत्त शिक्षक. स्वभावाने मायाळू, हात कधी उगारला नाही. त्यांनी सरळ हिशोब मांडला: हिचं पाठांतर चांगलं आहे, म्हणजे डोकं आहे. डोकं असून पाढे येत नाहीत, म्हणजे लक्ष देत नाही. "पोर हुशार आहे, पण मन लावत नाही." हे वाक्य पुढे शाळेच्या प्रगतिपुस्तकात वेगवेगळ्या अक्षरांत येत राहिलं. गणिताच्या एका बाईंनी तर मला फळ्यासमोर उभं करून वर्गाला सांगितलं होतं की कवितेत पहिली येणारी मुलगी वजाबाकीत चुकते तेव्हा ती मुद्दाम चुकते. मी नऊ वर्षांची होते. मुद्दाम चुकायचं म्हणजे आधी बरोबर उत्तर माहीत असायला हवं, एवढं तेव्हा बोलता आलं नाही.

या लेखात मला मुख्यतः ह्याच निदानाबद्दल बोलायचं आहे. मुलाला एक गोष्ट छान येते आणि दुसरी अजिबात येत नाही, ह्या उंचसखलपणाचा अर्थ मोठी माणसं ताबडतोब त्याच्या स्वभावात शोधतात. आळशी, आगाऊ, बेफिकीर. खरं तर तो उंचसखलपणाच सगळ्यात महत्त्वाची खूण असते.

पुण्यात हे जरा जास्त बोचतं. र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले आले. असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि 'रँग्लर' हे त्यांच्या नावाला पदवीसारखं कायमचं चिकटलं. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था सुरू केली ती इथेच. गणिताबद्दलचा हा आदर मलाही आहे, मनापासून आहे. पण त्याच आदरातून घरोघरी एक मोजपट्टी तयार झाली. पाहुणे आले की विचारणार, "गणितात किती?" भाषेत किती, असं मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. चौथीच्या आणि सातवीच्या स्कॉलरशिपला बसवलेली मुलं आणि न बसवलेली मुलं, अशी आमच्या वाड्यात उघड विभागणी होती.

दहावी काठावर पार पडली. कला शाखा घेतली, मराठी घेतलं आणि गणित सुटलं असं वाटलं. गेली कित्येक वर्षं मी मुद्रितशोधनाचं काम करते. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या प्रकाशकांची प्रुफं माझ्याकडे येतात. ऱ्हस्वदीर्घ माझ्या नजरेतून सहसा सुटत नाही. सनावळ्या मात्र मी कधीच नुसत्या डोळ्यांनी तपासत नाही. १८५७ आणि १८७५ मला एकसारखेच दिसतात, म्हणून प्रत्येक आकडा मूळ प्रतीवर बोट ठेवून, एकेक अंक मोठ्याने म्हणत जुळवायचा. ही शिस्त मी स्वतःला लावून घेतली ती बरीच आधी, तिचं कारण कळण्याच्याही आधी.

कारण कळलं तेही प्रुफातूनच. शिक्षकांसाठी अध्ययन अक्षमतेवरची एक हस्तपुस्तिका तपासायला आली होती. वाचनाची अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनाची डिसग्राफिया, इथवर ऐकून माहिती होती. पुढचं प्रकरण डिस्कॅल्क्युलियाचं, म्हणजे संख्यांच्या अडचणीचं. त्यात लक्षणं दिली होती. मोठेपणीही बोटांवर मोजणं. उलटी मोजणी करताना अडखळणं. काट्याचं घड्याळ वाचायला वेळ लागणं. डावं-उजवं पटकन न कळणं. किती वेळ गेला, किती अंतर उरलं, ह्याचा अंदाज न येणं. फोन नंबर सांगताना अंकांची अदलाबदल. सुट्या पैशांचा गोंधळ. पत्ते खेळताना गुण लक्षात न राहणं. मी लाल पेन खाली ठेवलं आणि ते प्रकरण प्रूफ म्हणून न वाचता पत्र म्हणून वाचलं.

त्यानंतर मिळेल ते वाचत गेले. माणसाला चारपर्यंतच्या वस्तू न मोजता, एका नजरेत ओळखता येतात. टेबलावर तीन लिंबं आहेत हे बघायचं असतं, मोजायचं नसतं. डिस्कॅल्क्युलिया असलेल्या अनेक मुलांना तेवढ्यासाठीही एक-दोन-तीन करावं लागतं. १९६७ साली मोयर आणि लँडॉवर या संशोधकांनी दाखवून दिलं, की दोन आणि नऊमधला मोठा कोणता हे माणूस झटकन सांगतो, आठ आणि नऊ असतील तर त्याला किंचित जास्त वेळ लागतो. म्हणजे डोक्यात संख्यांना जागा असते, त्यांच्यात जवळ-लांब असतं. हे वाचताना मी थांबले. इतरांच्या डोक्यात संख्या जागच्या जागी मांडून ठेवलेल्या असतात, याची मला त्या वयापर्यंत कल्पनाच नव्हती. मला वाटायचं, सगळेच माझ्यासारखे अंधारात चाचपडतात, फक्त मेहनत जास्त करतात.

मेंदूच्या पार्श्विका खंडात एक खाच आहे, तिच्या आसपासचा भाग संख्यांचं भान सांभाळतो. डिस्कॅल्क्युलिया असलेल्यांमध्ये त्या भागाचं काम वेगळं चालतं, असं मेंदूच्या चित्रणांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ब्रातिस्लाव्हाच्या लादिस्लाव्ह कोश्च यांनी १९७४ साली जन्मजात गणन अक्षमतेची व्याख्या मांडली आणि सर्वसाधारण बुद्धी शाबूत असताना हे घडतं, हा त्या व्याख्येचा गाभा होता. आज साधारणपणे तीन ते सात टक्के लोकांमध्ये ही अडचण असल्याचं मानलं जातं. साठ मुलांच्या वर्गात दोन ते चार. गणिताची भीती ही वेगळी गोष्ट, ती पुष्कळांना असते आणि चांगल्या शिक्षकाने जाऊही शकते. डिस्कॅल्क्युलियावाल्या मुलाला भीती बहुधा नंतर येते, फळ्यासमोर उभं राहिल्यावर.

आणखी एक गोष्ट वाचनात आली: हे पुष्कळदा घराण्यात असतं. तेव्हा मला बाबा आठवले. मंडईत, दुकानात, बसमध्ये, बाबांनी कधी सुटे मोजून घेतलेले मी पाहिले नाहीत. कायम आई मोजायची. बाबा नोट पुढे करायचे आणि उरलेले पैसे न बघता खिशात टाकायचे. नातेवाईक म्हणायचे, दिलदार माणूस आहे. माझा अभ्यास घ्यायला आजोबा बसायचे, बाबा उठून गॅलरीत जायचे. हे सगळं मला उमगलं तेव्हा बाबा नव्हते. विचारायला हवं होतं असं जे काही आहे, त्यात हे सगळ्यात वर आहे.

मी रीतसर तपासणी करून घेतली. मानसशास्त्रज्ञ बाईंनी आधीच सांगितलं, की चाचण्यांची रचना शाळकरी मुलांसाठी आहे, मोठ्या माणसाला त्या जशाच्या तशा लागू होत नाहीत. तरी दोन बैठकांनंतर त्यांनी शांतपणे चित्र समोर ठेवलं. शब्द, स्मरण, आकलन एका उंचीवर आणि संख्यांचं सगळं खोल खाली. सुटका झाल्यासारखं वाटेल अशी माझी अपेक्षा होती. राग आला. त्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी आला आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

आता आपल्या भाषेतल्या संख्यांबद्दल. भाषा हे माझं काम आहे, म्हणून ह्यावर थोडं रेंगाळते. मराठीत शंभरपर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक संख्येला स्वतंत्र नाव आहे. लिहिताना आपण ६३मध्ये आधी सहा लिहितो, बोलताना आधी तीन म्हणतो: त्रेसष्ट. एकोणतीस म्हणताना तिसाचं नाव घेऊन विसाच्या घरात जायचं. एकोणसत्तर, एकोणऐंशी म्हणत पुढे आलं की नव्याण्णवपाशी हा नियमही मोडतो. ही नावं मला फार आवडतात. पण ज्या मुलाच्या मनात संख्येची जागाच धड ठरलेली नाही, त्याला प्रत्येक आकडा ऐकून, उलटून, मग लिहायचा असतो. बाकीचा वर्ग एक काम करत असतो तेव्हा हे मूल तीन करत असतं.

२०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असं वाचनही दिलं गेलं. त्यावर जी टर उडवली गेली ती अनेकांना आठवत असेल. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. लहान मुलांना जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण होते, म्हणून हा पर्याय आहे, जुनी नावं काढलेली नाहीत, असं त्या सांगत राहिल्या. ऐकून घेण्याची फारशी कुणाची तयारी नव्हती. मराठी बुडाली म्हणून हळहळणाऱ्यांत माझ्या ओळखीचे भाषाप्रेमीही होते. मी त्यांना एवढंच विचारत होते, की सहा वर्षांच्या मुलाला 'साठ तीन' म्हणून त्रेसष्टपर्यंत पोचता येत असेल तर त्रेसष्टचं काय बिघडतं? मंगलाबाई २०२३ साली गेल्या. त्या पर्यायामागे किती मुलांचा विचार होता, हे मला त्या वादात फार थोड्या ठिकाणी वाचायला मिळालं.

वेळेचंही तसंच. सव्वा, साडे, पावणे. "पावणेसहाला ये" असं कुणी म्हटलं की मला आधी सहा ऐकू येतात आणि मग त्यातून पाऊण तास काढायचा की पाव, हे दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. माझ्या जवळच्या माणसांना आता सवय झाली आहे. ते "पाच पंचेचाळीस" असा मेसेज टाकतात, अंकात. एवढंच पुरतं.

रोजच्या जगण्यात मी अशा पुष्कळ वाटा काढल्या आहेत. पुण्याच्या पेठांनी मला आधीपासूनच सांभाळून घेतलं. इथे पत्ता डाव्या-उजव्यावर कमी आणि देवळांवर जास्त चालतो: पत्र्या मारुतीवरून पुढे, जिलब्या मारुतीच्या अलीकडे, खुन्या मुरलीधरापाशी वळायचं. नावं लक्षात राहतात, मी बरोबर पोचते. बसच्या पाटीवर मी आकड्याऐवजी ठिकाणाचं नाव वाचते. नव्या नोटा आल्या तेव्हा लोक रंगांवर वैतागले होते, मला मात्र जांभळट शंभर, पिवळीधमक दोनशे आणि निळसर पन्नास हे फार उपयोगी पडले. आणि क्यूआर कोड आल्यापासून मंडईत जाणं ही माझ्यासाठी साधी गोष्ट झाली. भाजीवाल्या मावशी रक्कम सांगतात, मी ती टाकून त्यांना स्क्रीन दाखवते आणि मग आम्ही मेथीबद्दल बोलतो. मागे रांग वाढत असताना हातातली नाणी मोजायचा तो ताण, तो ज्याने भोगला नाही त्याला ह्या एका यंत्रणेने मला काय दिलं हे सांगणं अवघड आहे.

अध्ययन अक्षमतेबद्दल बोलणं पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढलं आहे. ऑक्टोबरात डिस्लेक्सियाचा महिना पाळतात, शाळांमध्ये व्याख्यानं होतात, भित्तिपत्रकं लागतात. त्यांतल्या एका गोष्टीशी माझं मुळीच पटत नाही. प्रत्येक भित्तिपत्रकावर आइनस्टाइन असतो. आइनस्टाइनला लहानपणापासून गणित उत्तम येत होतं, पंधराव्या वर्षाच्या आत तो कलनशास्त्र शिकला होता, हे तर झालंच. पण खरी अडचण त्यापुढची आहे. तुझ्यात ही उणीव आहे म्हणजे कुठेतरी एखादी अलौकिक देणगी लपलेली असणार, असं त्या मुलाला सांगितलं जातं. मग ती देणगी सापडली नाही तर? आधी गणितात नापास, मग प्रतिभेतही नापास? बहुतेक मुलं साधी असतात. बरी चित्रं काढतात, बरं क्रिकेट खेळतात. त्यांना त्यांच्या साधेपणासकट शिकायला मिळालं पाहिजे, त्याच्या बदल्यात काही चमकवून दाखवायची अट नको.

कायद्याने तसा रस्ता करून ठेवला आहे. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेख नव्हता. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली आणि तिच्या व्याख्येत डिस्कॅल्क्युलिया नावानिशी आला. महाराष्ट्र तर त्याच्याही पुढे होता, शालान्त परीक्षेत अशा मुलांना १९९६पासून सवलती आहेत. माझी दहावी त्याआधीच उरकली होती. २०१८च्या केंद्राच्या अधिसूचनेत मूल आठ वर्षांचं झालं की प्रमाणपत्रासाठी तपासणी, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी आणि अठराव्या वर्षीचं प्रमाणपत्र कायमचं, असं ठरवलं होतं. जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर, असं बरंच काही आहे. जे कमी आहे ते घरात आणि शिक्षकांच्या खोलीत. 'सवलत' म्हटलं की लोकांना उपकार वाटतो, कुणाच्या तरी हक्काचं काढून ह्याला दिलं असं वाटतं. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्या मुलाबद्दल असं कुणाला वाटत नाही.

आमच्या सोसायटीत नववीतला एक मुलगा आहे. मराठी माध्यमातला. त्याची आई एकदा जिन्यात थांबवून म्हणाली, "ताई, तुम्ही त्या विषयावर बोलता ना? आमचा घड्याळाकडे बघायलाच घाबरतो हो." तपासणी झाली, अहवाल आला आणि मग घरात अडलं. त्याचे वडील मला भेटायला आले. रोडावलेले, दमलेले. "ताई, सर्टिफिकेट घेतलं तर पोराला आयुष्यभराचा शिक्का बसेल."

मी त्यांना विचारलं, "वर्गात त्याला काय म्हणतात, दादा?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ढ."

"कधीपासून?"

"तिसरीपासून."

त्यानंतर आम्ही शिक्क्याबद्दल बोललो नाही. बोर्डाचा अर्ज शाळेमार्फत जातो, त्यासाठी मुख्याध्यापकांना आत्ताच भेटून ठेवायचं, कोणते कागद लागतात, घरी गणित घ्यायचं ते काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या करून, तोंडी कमी आणि हातात धरून जास्त, हे सगळं मी त्यांना लिहून दिलं. मुलगा इतिहासात बरा आहे. पतंग छान उडवतो. पुढे काय करणार हे त्याला ठाऊक नाही आणि पंधराव्या वर्षी ते ठाऊक नसणं मला तरी ठीक वाटतं.

अर्ज शाळेत दिल्याचं सांगायला वडील पुन्हा आले. चहा झाला, उठले, चपला घातल्या आणि दारातच थांबले. त्यांचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, हिशोब सगळा वहिनी बघतात, हे मला माहीत होतं.

"ताई, ती तपासणी मोठ्या माणसांची पण होते का?"

मी खरं ते सांगितलं. चाचण्या मुलांसाठी केलेल्या आहेत, मोठ्यांचं नेमकं मोजमाप निघेलच असं नाही. परीक्षा द्यायची नाही, तेव्हा सवलतीचाही प्रश्न नाही. कागद मिळून काम काही बदलणार नाही.

"तरी करायचीय," ते म्हणाले.

"मग बाईंची वेळ घेऊ," मी म्हटलं. "मी येते बरोबर. वहिनींनाही घ्या."